हँडलाखालचा सांधा

प्रस्तावना

सायकल दुकानात आली म्हणजे कारागीर प्रथम तिची चाके फिरवून पाहतो, मग साखळीकडे वळतो, मग ब्रेक दाबतो. आणि वरची दांडी व खालची तिरपी दांडी जेथे एकत्र येतात त्या आखूड हेडपाइपच्या दोन्ही तोंडांशी बसविलेल्या छर्ऱ्यांच्या सांध्याकडे त्याचे लक्ष जाते ते बहुधा हँडल खडखडत असल्याची किंवा जाम झाल्याची तक्रार गिऱ्हाइकाने आपण होऊन केली तरच. त्या वेळीही मोठा पाना घेऊन वरचा चेकनट आवळला जातो, खडखड थांबते, गिऱ्हाईक समाधानाने निघून जाते, आणि झीज मात्र त्या आवळलेल्या नटाखाली पूर्वीपेक्षा अधिक वेगाने चालू राहते. प्रस्तुत पुस्तिका या एका सांध्याविषयी आणि त्याला आधार देणाऱ्या फ्रेमच्या भागाविषयी आहे. नट आवळणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. झीज कोठे झाली, कोणत्या दिशेने झाली आणि कशामुळे झाली याची खातरजमा झाल्यावाचून पाना उचलू नये, हा तिचा आग्रह आहे, आणि तोच आग्रह या प्रस्तावनेत सविस्तर मांडावयाचा आहे.

छर्ऱ्यांचे बेअरिंग आणि सायकल यांचा संबंध जुना आहे. पॅरिसच्या ज्यूल स्यूरिरे यांनी १८६९ साली सायकलीसाठी अशा बेअरिंगाचे पेटंट घेतले, आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबर रोजी पॅरिसहून रूआंपर्यंत झालेल्या शर्यतीत जेम्स मूर पहिला आला तो अशी बेअरिंगे बसविलेल्या सायकलीवरून. पुढे १८८५ साली इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ सायकल काढली, आणि जवळजवळ सारख्या आकाराची दोन चाके, मागच्या चाकाला साखळीने मिळणारी गती व पुढच्या चाकाचा मागे कललेला चिमटा ही आजच्या सायकलीची ठेवण तेव्हापासून रूढ होत गेली. आट्यांच्या कोनाने बसवावयाचा आणि चेकनटाने बांधावयाचा हेडसेट, म्हणजे हाच सांधा, त्यानंतर दीर्घ काळ मूलतः तसाच राहिला. १९९० नंतर आट्यांवाचूनचा, वरच्या टोपीच्या स्क्रूने ताण देऊन हँडलाच्या पकडीनेच जागेवर धरून ठेवावयाचा प्रकार पुढे आला आणि महागड्या सायकलींत तोच आता सर्वत्र दिसतो. आपल्या गावोगावच्या उंच, काळ्या, ओझ्याच्या सायकलींवर मात्र जुन्या रचनेचा अंमल अद्याप कायम आहे, आणि या पुस्तिकेत प्रामुख्याने तिचाच विचार केला आहे.

या सांध्याला इतके महत्त्व का द्यावे, असा प्रश्न विचारला जाईल, आणि त्याचे उत्तर सायकल मुळात उभी का राहते या प्रश्नात आहे. स्वार तोल सांभाळतो तो अंग इकडेतिकडे झुकवून, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः सायकल ज्या बाजूस कलू लागते त्याच बाजूस पुढचे चाक किंचित वळते, चाकांचा जमिनीवरील आधार सरकून कललेल्या वजनाखाली येतो, आणि सायकल पुन्हा सरळ होते. ही क्रिया अगदी सरळ रस्त्यावरही अखंड चालू असते, आणि ती इतक्या थोड्या अंशांची असते की स्वाराला तिची जाणीवही होत नाही. नेदरलँड्स व अमेरिका येथील संशोधकांनी २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एका खास बनविलेल्या सायकलीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. फिरत्या चाकांचा भोवऱ्यासारखा स्थैर्यदायी परिणाम आणि पुढच्या चाकाची चिमट्यामागे ओढले जाण्याची प्रवृत्ती, या ज्या दोन गोष्टींना तोलाचे श्रेय वर्षानुवर्षे दिले जात होते, त्या दोन्ही तिच्यातून काढून टाकल्या होत्या, आणि तरीही ती स्वारावाचून तोल सावरत पुढे जात होती, कारण वजनाची मांडणी अशी केली होती की पडण्याच्या बाजूस चाक आपोआप वळावे. पडण्याच्या बाजूस वळण्याची ही मोकळीक जेथे मिळते ते ठिकाण म्हणजे हँडलाखालचा सांधा होय. म्हणूनच अति आवळलेला सांधा ढिल्या सांध्याहून अधिक घातक समजला पाहिजे : ढिला सांधा निदान खडखडून सूचना देतो, परंतु आवळलेल्या सांध्याची सायकल नागमोडी जाऊ लागते, स्वार दोष रस्त्याला देतो किंवा स्वतःला देतो, आणि ज्या आवाजावरून कारागिराला काही कळावयाचे तो आवाज आधीच बंद केलेला असतो.

सांध्याची रचना थोडक्यात सांगतो. हेडपाइपच्या वरच्या आणि खालच्या तोंडात एकेक पोलादी कप ठोकून किंवा दाबून बसविलेला असतो. चिमट्याची उभी नळी जेथून वर निघते त्या मुळाशी एक कडे घट्ट बसविलेले असते, आणि त्या कड्याच्या व खालच्या कपाच्या मध्ये छर्ऱ्यांची एक फेर असते. नळी हेडपाइपमधून वर येते, तिच्या आटे पाडलेल्या टोकावर वरचा कोन फिरवून बसवितात, त्याच्या व वरच्या कपाच्या मध्ये छर्ऱ्यांची दुसरी फेर असते, त्यावर खाचेचे वायसर, काही सायकलींवर दिव्याची पट्टी, आणि सर्वांवर चेकनट. एक इंची नळीच्या बहुतेक हेडसेटांत छर्रे ५/३२ इंचाचे असतात. मापांची बाब मात्र वाटते तितकी सरळ नाही, आणि येथेच पुष्कळ चुकीच्या निदानांचा उगम आहे. एक इंची हेडसेटाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात कपाचा बाहेरचा व्यास ३०.२ मिलिमीटर आणि चिमट्यावरच्या कड्याचा आतला व्यास २६.४ मिलिमीटर धरतात. जपानी प्रमाणात हेच आकडे ३०.० आणि २७.० असे आहेत. कप ज्या तोंडात बसावयाचा ते तोंड कपापेक्षा सुमारे एक-दोन दशांश मिलिमीटर लहान असावे लागते. कपाची पकड सर्वस्वी त्या फरकावर असते. तेव्हा ३०.२ साठी कातलेल्या हेडपाइपमध्ये ३०.० चा नवा कप घातला, तर तो पहिल्या दिवसापासून सैल बसणार, आणि फ्रेम झिजली असा ठपका निष्कारण फ्रेमवर येणार, उलट २६.४ चे कडे २७.० च्या बैठकीवर हातोडीने उतरविले, तर ते तडकणार किंवा चिमट्याची बैठक खरवडून काढणार. आट्यांचेही तसेच आहे. रॅले कंपनीने आपल्या पुष्कळ सायकलींना इंचाला २६ आटे ठेवले असता इतरत्र २४ आट्यांचा प्रघात होता, आणि एकाचा नट दुसऱ्यावर पान्याच्या जोराने चढविला म्हणजे नळीचे आटे कायमचे निकामी होतात. दुरुस्तीचे पहिले हत्यार म्हणून मी पाना न सांगता व्हर्निअर सांगतो, ते या कारणासाठी.

आता झिजेच्या स्वरूपाकडे वळू. या सांध्याचे वेगळेपण असे की चाकाची, पायडलाची, साखळीच्या चक्राची बेअरिंगे पूर्ण फेरे घेत असतात, प्रत्येक छर्रा आपल्या मार्गावरून पुनःपुन्हा जातो आणि ग्रीस आपल्याबरोबर वाहून नेऊन सर्वत्र पसरवितो. हँडलाखालचे बेअरिंग मात्र बहुतांश काळ मधल्या दोन-चार अंशांतच हलत राहते. तेच छर्रे त्याच ठिकाणी, तेवढ्याच जागेत, वर्षानुवर्षे उभे असतात. त्यातच चिमटा मागे कललेला असल्यामुळे रस्त्याचा प्रत्येक हिसका त्याला पुढे-मागे अगदी सूक्ष्म वाकवितो, आणि त्या वाकण्याबरोबर चिमट्यावरचे कडे छर्ऱ्यांवर केसभर घासले जाते. ही घसट इतकी थोडी असते की छर्रा लोळत नाही. त्याच्याखालचे ग्रीस बाजूला सारले जाते आणि परत येत नाही. कोरडे पोलाद कोरड्या पोलादावर घासून त्याचे अतिसूक्ष्म कण निघतात, ते गंजतात, आणि तो तांबूस गंज स्वतःच पोलिशच्या भुकटीसारखे काम करून घसट वाढवितो. कालांतराने प्रत्येक छर्ऱ्याखाली एक खळगा पडतो. खळग्यांची ही रांग खालच्या कड्यावर पुढच्या व मागच्या बाजूस अधिक खोल असते, कारण वाकण्याची दिशाच ती आहे. आणि हँडल सरळ केले की सारे छर्रे एकदम आपापल्या खळग्यांत उतरतात, सायकल सरळ रेषेत अडकल्यासारखी होते, व सूक्ष्म वळणाची जी मोकळीक तोलाला हवी असते नेमकी तीच नाहीशी होते.

हे खळगे खड्ड्यांच्या दणक्यांनी छर्रे ठोकले जाऊन पडतात, असे दुकानांतून सर्रास सांगितले जाते, आणि प्रथमदर्शनी ते पटतेही. स्वीडनचे अभियंते योहान आउगुस्ट ब्रिनेल यांनी १९०० साली धातूचा कठीणपणा मोजण्याची जी रीत जगापुढे ठेवली तिच्यात कठीण गोळा धातूवर ठराविक भाराने दाबून पडलेल्या खळग्याचे माप घेतात, आणि बेअरिंगातील खळगे हे त्याच जातीचे दिसतात. परंतु विचार करावा : ज्या दणक्याने वरच्या सांध्यात खळगा पडला म्हणावयाचे तोच दणका आधी पुढच्या चाकाच्या कोनांतून वर आलेला असतो, तेथे छर्रे संख्येने कमी असतात आणि भार त्यांपैकी खालच्या मोजक्यांवर येतो, तरीही चाकाच्या कोनावर अशी समान अंतरावरची खळग्यांची रांग पडत नाही. चाकाचे छर्रे फिरत असतात, हँडलाचे फिरत नाहीत, एवढाच निर्णायक भेद आहे. अमेरिकेत आगगाडीने दूरवर पाठविलेल्या कोऱ्या मोटारींच्या चाकांची बेअरिंगे एक मैलही न चालता खळग्यांनी भरलेली सापडत, आणि त्या प्रकरणाचा उलगडा करताना जॉन आल्मेन यांनी १९३७ साली दाखवून दिले की तो दाबाचा परिणाम नसून जागच्या जागी होणाऱ्या कंपित घसटीचा आहे. चाकांच्या बांधणीवर प्रमाणभूत मानला जाणारा ग्रंथ लिहिणारे जोब्स्ट ब्रँड्ट यांनी सायकलीच्या हेडसेटाला हाच न्याय लावला, आणि मला तो पूर्णपणे मान्य आहे. या मतभेदाला केवळ तात्त्विक मोल नाही. खळगे दणक्याने पडतात असे मानणारा कारागीर सांधा अधिक आवळतो, म्हणजे छर्ऱ्यांखाली उरलेसुरले ग्रीस दाबून बाहेर काढतो. घसटीने पडतात असे जाणणारा सांधा वेळोवेळी उघडून ग्रीस ताजे करतो. दणके निर्दोष आहेत असा मात्र याचा अर्थ नव्हे. त्यांचा खरा अपराध वेगळ्या ठिकाणी, फ्रेममध्ये, आढळतो, आणि त्याकडे पुढे येतोच.

निदानाची रीत सांगताना हातांच्या जागा नेमक्या सांगितल्या पाहिजेत, कारण त्या चुकल्या तर सर्व चुकते. सायकल जमिनीवर उभी करून उजव्या हाताने पुढचा ब्रेक दाबून धरावा आणि त्याच हाताने हँडल हलक्या हिसक्यांनी पुढे-मागे ढकलावे. डाव्या हाताची दोन बोटे खालच्या कपाच्या व त्याखालच्या कड्याच्या मधल्या फटीवर अशी टेकवावी की दोन्ही भागांना एकदमच स्पर्श होईल. या कामी कानापेक्षा बोट विश्वासू आहे. आवाज ब्रेकच्या दांड्यांतून येतो, मडगार्डाच्या तारांतून येतो, चाकाच्या ढिल्या कोनांतूनही येतो. परंतु कप स्थिर आणि कडे त्यावरून सरकते आहे असे बोटाला लागले तर ढिलाई तेथेच आहे, यात संशय राहत नाही. मग चाक काटकोनात वळवून तीच परीक्षा पुन्हा करावी, म्हणजे ब्रेकच्या ढिलाईची दिशा बदलते आणि तिचा घोटाळा उरत नाही. त्यानंतर, आणि ही पायरी फार थोडे लोक पाळतात, बोटे अर्धा इंच वर सरकवून कपाच्या काठावर आणि हेडपाइपच्या तोंडावर टेकवावी व पुन्हा हिसके द्यावे. आता जर कपच फ्रेममध्ये हलताना लागला, तर दोष बेअरिंगाचा नसून फ्रेमचा आहे, आणि वरचा कोन कितीही आवळला तरी तो जाणार नाही. एकाच हिसक्याने बोटांच्या दोन जागी दोन वेगळे निर्णय हाती येतात, आणि त्यांच्या खर्चात शेकडो रुपयांचे अंतर असते.

ढिलाई पाहून झाल्यावर वरची दांडी धरून पुढचे चाक जमिनीपासून उचलावे. मोकळा सांधा असेल तर हँडल आपल्याच वजनाने एका बाजूस पडते. दांड्यांचे ब्रेक असलेल्या सायकलीवर त्यांचा अडथळा होतो, म्हणून ते आधी सोडवावे. मग एका बोटाच्या टोकाने हँडल मध्यभागी आणून सावकाश पलीकडे न्यावे. मध्यावर ते क्षणभर ठरते आणि पुढे जावयास किंचित जास्त जोर मागते, असे वाटले की खळगे पडले हे निश्चित. एका कोनात अडखळणारे व दुसऱ्या कोनात सैल पडणारे हँडल निराळीच कैफियत सांगते : हेडपाइपची दोन तोंडे एकमेकांना समांतर राहिलेली नाहीत, चिमट्याची नळी वाकलेली आहे, किंवा दोन्ही, अशा वेळी छर्रे बदलून काहीएक साधत नाही.

सांधा उघडताना खाली फडके पसरावे, वरचे व खालचे छर्रे वेगवेगळ्या डब्यांत मोजून ठेवावे, आणि सर्व भाग रॉकेलमध्ये स्वच्छ धुऊन खिडकीच्या उजेडात न्यावे. निरोगी कड्यावर छर्ऱ्यांनी घासलेला एक रुपेरी पट्टा असतो, आणि तो सगळीकडे सारख्या रुंदीचा असतो. पट्टा एका बाजूस रुंद व समोरच्या बाजूस अरुंद असेल तर कप तिरका बसला आहे. पट्ट्यावर सारख्या अंतरावर निस्तेज ठिपके असतील तर नखाचे टोक त्यावरून फिरवावे, डोळ्याला न दिसणारा खळगाही नखाला अडतो. काठाशी तांबूस भुकटी साचलेली असेल तर ग्रीस फार पूर्वीच संपले होते. खालचे कडे वरच्यापेक्षा नेहमीच अधिक झिजलेले आढळेल. भार त्याच्यावर असतो आणि पुढच्या चाकाने उडविलेले पाणीही त्यालाच लागते. कोकणात पावसाळा आणि खारा वारा यांच्या तावडीत सापडलेल्या सायकलीचा खालचा कप दर पावसाळ्यानंतर उघडावा, अशी माझी सूचना आहे. मडगार्डाला पुढून चामड्याची किंवा रबराची झापड लावली तर जे संरक्षण मिळते ते महागड्या ग्रीसनेही मिळत नाही.

फ्रेमच्या झिजेची कथा ढिल्या सांध्यापासून सुरू होते. सांधा ढिला ठेवून सायकल चालविली म्हणजे प्रत्येक ब्रेकसरशी आणि प्रत्येक खड्ड्यात चिमटा पुढे-मागे आपटतो, कप हेडपाइपचे तोंड पुढून आणि मागून ताणीत जातो, आणि मुळात गोल असलेले ते तोंड हळूहळू लांबट होते. दणक्यांचा खरा अपराध तो हा. ओझ्याने त्यात भर पडते. मुंबईचे डबेवाले हँडलाला डब्यांचे झुबके अडकवून जातात, दूधवाले किटल्या बांधतात, आणि हँडलावरचा प्रत्येक शेर याच दोन कपांवर तोलला जातो. अशा सायकलीचा सांधा घरगुती सायकलीच्या मुदतीने तपासणे हा तिच्यावर अन्याय आहे. झिजेची रुजवात व्हर्निअरने करावी : कप काढून हेडपाइपच्या तोंडाचा व्यास एकदा पुढून मागे आणि एकदा डावीकडून उजवीकडे घ्यावा. दोन्ही मापे सारखी पण मोठी असतील तर तोंड केवळ वाढले आहे. त्यांत दोन-तीन दशांशांचा फरक असेल तर ते लांबट झाले आहे. आणि या दोन अवस्थांचे उपाय एक नाहीत. कप सुस्थितीत असेल तर तो आतून दांडा लावून ठोकल्यावाचून निघत नाही. बोटाने ढकलताच निघणारा कप पाहिला की मापे घेण्यापूर्वीच निम्मे निदान झालेले असते.

उपायांपैकी सर्वांत हलका म्हणजे छर्रे व ग्रीस बदलून सांधा पुन्हा बसविणे. छर्रे बदलावयाचे ते सर्व एकदम. जुन्यांत चार नवे मिसळले तर न झिजलेले नवे छर्रेच सगळा भार घेतात आणि कडे बिघडवितात. सुटे छर्रे भरताना एका छर्ऱ्याएवढी मोकळी जागा ठेवावी. वरचा कोन बसविताना तो किंचित सैल ठेवून मग चेकनट आवळावा, कारण चेकनट आवळताना कोन आट्यांतील फटीएवढा खाली दाबला जातो व सांधा आपोआप थोडा घट्ट होतो. जे कारागीर आधीच घट्ट बसवून वर चेकनट मारतात त्यांच्या हातून सांधा नकळत जाम होतो. खळगे पडलेले कडे मात्र बदलावेच लागते. जात्याची पाळू गुळगुळीत झाली तर टाकी लावून ती पुन्हा कामाची करता येते, कारण दगड तळापर्यंत एकसारखाच असतो. कड्याचे पोलाद तसे नाही, पुष्कळदा त्याचा वरचा पातळ थर तेवढा कठीण केलेला असतो आणि तो घासून काढला की खाली मऊ पोलाद लागते. नवे कडे मिळेपर्यंतची तजवीज एकच आहे, आणि ती प्रामाणिक आहे : पिंजऱ्यातले छर्रे असतील तर पिंजरा काढून सुटे छर्रे भरावे, म्हणजे त्यांची संख्या व अंतर बदलते आणि सगळे छर्रे एकाच वेळी जुन्या खळग्यांत उतरू शकत नाहीत.

वाढलेल्या तोंडावर आपल्याकडे पत्र्याची पट्टी घालून कप ठोकण्याची वहिवाट आहे. हाताशी काही नसताना गिऱ्हाइकाची सायकल उभी करून देण्याच्या निकडीतून ती आली, हे मी जाणतो. परंतु पट्टीची दोन टोके जेथे जुळत नाहीत तेथे कप एका अंगाने आत जातो, त्याचा पट्टा तिरका पडतो, आणि नवे छर्रे थोड्याच दिवसांत बिघडतात. पंचने तोंडाच्या आत टोचे मारून कप धरविणे हेही त्याच जातीचे. कप मग संपूर्ण तोंडावर न बसता टोच्यांच्या टोकांवर बसतो. तोंड गोल आहे पण एखाद्या दशांशाने वाढले आहे, अशा ठिकाणी बेअरिंग चिकटविण्याचा द्रव भक्कम काम करतो; मात्र दोन्ही पृष्ठे तेलाचा अंशही न ठेवता पुसली पाहिजेत आणि द्रव सुकेपर्यंत सायकल चालविता कामा नये. याहून अधिक वाढ असेल तर सर्व बाजूंनी सारख्या जाडीचे, पूर्ण वर्तुळाचे पितळी कडे कातून घालावे. लांबट झालेले तोंड आधी कठीण गोल दांडा दाबून गोल करावे लागते, आणि मग छिद्र व तोंडाचा काठ हे दोन्ही एकाच हत्याराने, एकाच आसावर कातावे लागतात, तरच वरचा कप व खालचा कप समांतर येतात. कप बसविताना हातोडी न वापरता लांब आट्यांचा बोल्ट, दोन जाड वायसर आणि दोन नट यांची दाबणी करावी. ती कोणत्याही लोखंडवाल्याकडे अल्प खर्चात जमते आणि कप सरळ जातो.

पोलादी फ्रेमच्या हेडपाइपचे तोंड फाटले असेल तर नवी नळी पितळेच्या डागाने बसविता येते. त्याला सुमारे ९०० अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि आच लावण्यापूर्वीच चारही नळ्या साच्यात बांधून सरळ केलेल्या असाव्या लागतात. डाग दिल्यावर पाणी ओतून फ्रेम थंड करण्याची घाई ही सारे श्रम वाया घालविते. हे काम प्रत्येक दुकानाचे नव्हे. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला आच लावू नये, कारण तिची ताकद कारखान्यात केलेल्या उष्णतेच्या संस्कारावर अवलंबून असते आणि डाग देताना तो संस्कार नाहीसा होतो. कार्बनच्या तंतूंच्या फ्रेमला तर हातोडीचाही स्पर्श होऊ देऊ नये.

याखेरीज काही खुणा अशा आहेत की त्या दिसताच हेडसेटाचा विचार बाजूला ठेवावा. समोरून टक्कर झालेल्या सायकलीच्या तिरप्या दांडीखाली, हेडपाइपपासून दोन-तीन बोटांच्या अंतरावर, अंगठा दाबून फिरवावा. तेथे फुगवटा लागला किंवा रंगाला आडव्या सुरकुत्या दिसल्या, तर नळी वाकलेली आहे आणि नवा हेडसेट त्या फ्रेमवर वाया जाणार आहे. फ्रेमच्या नळ्यांच्या सांध्याच्या टोकाशी रंगात केसासारखी रेघ आणि रेघेतून गंजाचा ओघळ दिसला, तर रंग खरवडून खालचे पोलाद पाहावे. चिमट्याची नळी तर प्रत्येक वेळी दोन ठिकाणी तपासावी : मुळाशी, कड्याच्या लगत, आणि वर, जेथे आटे संपतात. हँडलाचा खुंटा पुरेसा खोल घातलेला नसेल तर त्याचा फुगणारा भाग आट्यांच्याच उंचीवर दाबतो, नळी तेथे फुगते, वरचा कोन चढताना अडखळू लागतो, आणि आट्याच्या खाचेतून चीर निघते. पुष्कळ हँडलांच्या खुंट्यावर किमान खोलीची खूण कोरलेली असते, ती वर दिसता कामा नये. अशी चिरलेली किंवा फुगलेली नळी डाग देऊन जोडण्याची दरखास्त कोणी आणली तर कारागिराने ती नाकारावी, चिमटा बदलण्याचा खर्च स्पष्ट सांगावा, आणि गिऱ्हाईक तयार नसेल तर सायकल परत देताना पावतीवर दोषाचे ठिकाण, त्याचे स्वरूप व तारीख लिहून द्यावी.